जनगणना संपते तिथून पुढे: पाणीयोजनेत नव्याने आलेल्यांसाठी

पाणीपुरवठा योजनांच्या कामात शिरलात की लवकरच सांगितलं जातं, तीस वर्षांनंतरची लोकसंख्या काढा. हातात असतात जुन्या जनगणनांचे आकडे, बस. दोन जनगणनांच्या मधल्या वर्षाचा आकडा काढणं म्हणजे अंतर्वेशन. ते त्यामानाने सोपं, कारण दोन्ही बाजूंना आधार असतो. शेवटच्या आकड्याच्या पलीकडे जाणं म्हणजे बहिर्वेशन, आणि आपलं सगळं काम तिथलं.

जळगाव जिल्हा घ्या. 1991 ला सुमारे 31.88 लाख, 2001 ला 36.83 लाख, 2011 ला 42.30 लाख. मी नव्या मुलांना आधी 2011 चा आकडा झाकून ठेवायला लावतो. मागच्या दोन आकड्यांवरून तो काढा म्हणतो. अंकगणिती पद्धतीत दर दशकाला तेवढीच भर धरायची; उत्तर येतं 41.78 लाख. भौमितिक पद्धतीत तीच टक्केवारी धरायची, 42.55 लाख. खरा आकडा दोन्हींच्या मध्ये. दहा वर्षांपुरत्या दोन्ही पद्धती चालून जातात.

आता 2001 ते 2011 ची वाढ धरून थेट 2051 गाठा. पहिली पद्धत 64.19 लाख देते, दुसरी 73.62 लाख. साडेनऊ लाखांच्या आसपास माणसांचा हा फरक जनगणनेतला नाही, पद्धत निवडताना आपणच घातलेला आहे. माणशी रोज 55 लिटर धरलं तरी पाच कोटी लिटरहून जास्त पाणी! म्हणून अहवालात एकच आकडा देऊ नका. दोन्ही द्या, आणि कुठला का धरला तेही लिहा.

धुळे जिल्ह्याचे आकडे तर नुसते एक्सेलमध्ये टाकूच नका. 1991 ला 25 लाखांवर, 2001 ला 17 लाखांवर. रेषा ओढली तर काही दशकांत जिल्हा ओस पडेल! प्रत्यक्षात 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा झाला. तालुके जुळवून मालिका नव्याने मांडल्याशिवाय पुढे जायचं नाही. शहराची हद्दवाढ झाली असेल तिथेही हेच करावं लागतं.

सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुवा भागात आणखी एक गोष्ट बघा. 2011 ची मोजणी फेब्रुवारीतली, आणि त्या दिवसांत पुष्कळ कुटुंबं मजुरीसाठी गुजरातेत किंवा ऊसतोडीला गेलेली असतात. मोजणीचा पूर्ण काळ बाहेर असलेला माणूस तिकडेच मोजला जातो. अशा गावात ग्रामसेवकाला, आशाताईंना भेटा, घरं मोजा. माझ्या मते हे काम गणितापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

आराखड्यातच थोडी सोय असते, ती वापरा. जलवाहिनी साधारण तीस वर्षांची, पंप पंधरा वर्षांचे धरतात. म्हणजे पंप बदलायच्या वेळी नवी जनगणना हाताशी असेल. तेव्हा मोठा पंप बसेल एवढी जागा पंपघरात आजच सोडा.