०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल दर वेळी १८ टक्के जास्त तीव्र निघत होतं : माझा अनुभव

बाटलीतलं तीव्र आम्ल पाण्यात मिसळून मी हे द्रावण बनवत होतो. (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक; सारख्याच नॉर्मलचं आम्ल आणि अल्कली सारख्याच मापात एकमेकांना उदासीन करतात.) लक्षण असं: ०.१ नॉर्मल सोडिअम कार्बोनेटच्या २५ मिली द्रावणाला आम्लही २५ मिली लागायला हवं. पण ब्युरेट (आम्ल मोजून सोडायची खुणांची नळी) २१.२ वर आला की मिथिल ऑरेंज या दर्शकाचा, म्हणजे आम्ल पुरेसं झाल्याचं रंग बदलून दाखवणाऱ्या द्रव्याचा, पिवळा रंग नारिंगी व्हायचा. तीनही वेळा तेच.

पिपेट बदलली, दर्शक नवा केला, कार्बोनेट पुन्हा तापवून वाळवलं. आकडा हलला नाही, आणि दोन दिवस वाया गेल्याचा खरंच संताप आला.

चूक हिशेबात होती. बाटलीवरचे ३७ टक्के वजनी असतात, म्हणजे १०० ग्रॅम आम्लात ३७ ग्रॅम एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड), बाकी पाणी. मी ते १०० मिलीत धरले होते.

आधी घनता घ्या: १.१८ ग्रॅम प्रति मिली. म्हणजे एका लिटरचं वजन ११८० ग्रॅम, त्यातलं एचसीएल ४३६.६ ग्रॅम. याला ३६.४६ ने (एचसीएलच्या एका मोलचं वजन, ग्रॅममध्ये) भागलं की सुमारे १२ मोलर, म्हणजे लिटरमागे १२ मोल, येतं; एचसीएलसाठी मोलर आणि नॉर्मल एकच. माझ्या हिशेबात १०.१ येत होतं, म्हणून मी एक लिटर ०.१ नॉर्मलसाठी ९.८५ मिली घेत होतो.

मग एक लिटरच्या फ्लास्कमध्ये अर्ध्याहून जास्त पाणी घेतलं, धूर-कपाटात ८.३ मिली आम्ल त्यात हळूहळू सोडलं (पाण्यात आम्ल, उलट कधीच नाही), गार होऊ दिलं, खुणेपर्यंत पाणी भरलं आणि फ्लास्क नीट उलटसुलट केला. पुन्हा अनुमापन (कार्बोनेटबरोबरची वरचीच मोजणी): २५.१ मिली.

सल्फ्युरिकला हीच चूक फार महागात पडते. ९८ टक्के, घनता १.८४, म्हणजे १८.४ मोलर, आणि ते द्विप्रोटॉनी (एका रेणूतून दोन हायड्रोजन आयन देणारं) असल्याने नॉर्मॅलिटी दुप्पट, ३६.८.