मगरीची गोष्ट आणि मकरासन: छोट्या मुलांचा योगा-गोष्टींचा तास कसा आखायचा

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी योगा घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी आसनांची यादी काढतात आणि मग त्या यादीला चिकटवायला कुठून तरी गोष्ट शोधतात. माझं म्हणणं आहे हे उलटं करा. आधी एक गोष्ट पक्की करा जी मुलांना खरंच ऐकावीशी वाटेल, आणि मग बघा की त्या गोष्टीत कोण सरपटतं, कोण उभं राहतं, कोण झोपतं, आसनं आपोआप सापडतात. या वयाच्या मुलाला "पाठ सरळ, गुडघा वाकवू नको" सांगून काही होत नाही, पण "तू आता वडाचं झाड आहेस आणि वारा सुटलाय" म्हटलं की तो पाय घट्ट रोवून उभा राहतोच.

आपल्या बडोद्यात विषय शोधायला लांब जायला नको. विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते, तिच्यात मगरी आहेत, ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या रस्त्यांवर आणि सोसायट्यांपर्यंत आल्या होत्या आणि ते व्हिडिओ घराघरात बघितले गेलेत, त्यामुळे मुलांना मगरीबद्दल कुतूहल पण असतं आणि थोडी भीती पण असते. म्हणून मी नमुना म्हणून मगरीचाच तास सांगते.

आधी मगरीबद्दल खरं काय ते आपण नीट माहीत करून घ्यायचं, कारण खऱ्या गोष्टी बनवलेल्यांपेक्षा जास्त भारी असतात. मगर तोंड उघडं टाकून ऊन खात पडते, अंग फार तापू नये म्हणून. मादी काठावर खड्डा करून त्यात अंडी घालते. पिल्लं बाहेर यायच्या वेळेला अंड्याच्या आतूनच आवाज करतात, तो ऐकून आई माती उकरते आणि पिल्लांना तोंडात अलगद धरून पाण्यापर्यंत नेते, एवढे दात असून एकाही पिल्लाला लागत नाही. आणि मगरीला जीभ बाहेर काढता येत नाही, ती तोंडात खाली चिकटलेली असते. आता हे कळल्यावर या तासात जीभ बाहेर काढायचं सिंहासन घ्यायचं नाही, ते गीरच्या सिंहाच्या गोष्टीसाठी ठेवायचं. मुलं असलं सगळं लक्षात ठेवतात आणि घरी जाऊन आजोबांना विचारतात, "मगर जीभ दाखवते का सांगा बरं?"

वेळ एकूण ४० मिनिटं पुरे. त्यातली हालचालीची गोष्ट वीस मिनिटांच्या वर नेऊ नका, बाकी येणं-बसणं, पडून राहणं आणि शेवटी पुस्तक. आठ-दहा मुलं असतील तर एक मोठं माणूस सोबत हवंच, कारण कोणाला तरी मधेच शू लागतेच आणि तुम्ही गोष्ट सोडून उठलात की सगळा खेळ मोडतो. जागा म्हणजे सोसायटीचा हॉल बेस्ट. टाइल्सवर सतरंजी टाकू नका, सरकते, योगा मॅट मधून अर्धी कापली तर दोन छोट्या मुलांना पुरते. थंडीत सकाळी सयाजीबागेत घेता येईल, गवत बघून बसा, मुंग्या असतात. एप्रिल-मे मध्ये बाहेर अजिबात नको.

आता गोष्ट. मुलांना गोल उभं करा आणि सुरुवात नदीकाठच्या झाडांपासून करा. ताडासन म्हणजे ताठ उभं राहणं, मग वृक्षासन म्हणजे एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचं पाऊल त्याला टेकवणं, पण या वयात एकट्याने तोल जातो म्हणून सगळ्यांनी शेजारच्याच्या हाताला हात लावायचा, वडाच्या पारंब्या एकमेकीत गुंतल्या म्हणायचं, लगेच सगळे स्थिर होतात. पाऊल घोट्याला किंवा पोटरीला टेकवलं तरी चालतं, गुडघ्यावर मात्र नको. मग झाडाखाली मगर ऊन खायला येते. पोटावर झोपायचं, हातांवर कपाळ, हे मकरासन. दोन श्वास झाले की हनुवटी हातांवर आणायची, तोंड मोठ्ठं उघडायचं आणि "हाऽऽ" करून श्वास सोडायचा, दोन-तीनदा, बस. मग काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळचा नदीवरचा पूल. हा अधोमुख श्वानासनाने करायचा, हात आणि पाय जमिनीवर, कंबर वर, अर्धी मुलं पूल आणि अर्धी मगरी, त्या खालून सरपटत जातात आणि मग बदली. सेतुबंधासनाच्या (पाठीवर झोपून कंबर वर उचलायची) खालून मात्र कोणाला जाऊ देऊ नका, वरचं मूल दमून खाली बसलं की खालच्याला लागतं.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो आणि याला वेळ द्या. सगळी मुलं अंडी होतात, म्हणजे बालासन, गुडघे दुमडून, कपाळ मॅटवर. तुम्ही हळूहळू फिरायचं आणि अंड्यांना कान लावून ऐकायचं. सुरुवातीला काहीच आवाज नाही. मग म्हणायचं, "आई ऐकतेय हं, आतून कोणी बोलतंय का?" आणि मुलं ओठ मिटून मऊ "म्म्म" करतात, भ्रामरीसारखं, फक्त कान बंद करायची गरज नाही. जी मुलं एरवी ओरडतात ती पण इथे आवाज बारीक करतात, कारण आपण अंड्याच्या आत आहोत हे त्यांना पटलेलं असतं. इथे घाई करू नका, एकेका अंड्यापाशी थांबा, हसू आलं तर येऊ द्या.

मग पिल्लं पाण्यात न्यायची. यासाठी प्रत्येकाला एक हातरुमाल, मधे एक गाठ मारलेली, ते पिल्लू. दोन्ही हात पुढे लांब करून, एक तळवा वर एक खाली, हा मगरीचा जबडा. जबड्याने पिल्लू उचलायचं आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला अंथरलेल्या जुन्या निळ्या साडीपर्यंत न्यायचं, पडू द्यायचं नाही आणि चुरगळायचं पण नाही. पाय हळू टाका असं एकदाही सांगावं लागत नाही. सगळ्यात दंगेखोर पोरगं सुद्धा जीभ दातात धरून, पाऊल बघत बघत चालतं. पिल्लू पडलं तर परत उचलायचं, आऊट वगैरे काही नाही. कोण पहिलं हे तर विचारूच नका, एकदा शर्यत झाली की अलगदपणा गेला.

पाण्यात नाव म्हणून नौकासन, म्हणजे बसून पाय वर उचलणं, घ्यायचं तर गुडघ्यामागे हात धरून, जमेल तेवढंच. शेवटी शवासन, पोटावर तेच रुमालाचं पिल्लू, ते श्वासाबरोबर वर जातं खाली येतं ते बघायचं. डोळे मिटायची सक्ती नको. मिनिट-दीड मिनिट निजून राहिली तरी खूप झालं.

भीतीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. पुराच्या वेळी ज्यांच्या गल्लीत मगर आली होती त्या घरातलं मूल कदाचित मगर व्हायला नाही म्हणेल. जबरदस्ती करू नका, त्याला झाड होऊ द्या किंवा साडीची नदी हलवायचं काम द्या. आणि दर वेळी तास संपताना स्पष्ट शब्दात सांगा की गोष्टीतली मगर आपण होतो, नदीतली मगर लांबूनच बघायची, काठाशी कधी उतरायचं नाही, कुठे दिसली तर मोठ्यांना सांगायचं आणि मोठे फॉरेस्ट खात्याला कळवतात. हे सांगायचं राहून गेलं तर आपण मुलांची भीती घालवली पण सावधपणा पण घालवला असं होईल, आणि आपल्या गावात ते परवडणारं नाही.

बाकी सेफ्टीचं थोडक्यात. पोटभर खाऊन आलेलं मूल नको, जेवून दोन तास तरी झालेले असावेत. शीर्षासन, सर्वांगासन, कपालभाती आणि श्वास रोखून धरणं हे या वयात घेऊच नका, पालकांनी आग्रह केला तरी. आसन नीट व्हावं म्हणून मुलाचा गुडघा किंवा पाठ दाबू नका, तुम्ही स्वतः करून दाखवा, ते बघून करतं. दमा किंवा फिट्सचा त्रास असेल तर पालकांना आधीच विचारून ठेवा.

आता भाषेचं. आपली मुलं शाळेत इंग्लिश बोलतात, खाली खेळताना गुजराती, आणि मराठी घरात आजीशी तेवढी. या तासात सरपटणं, दबकत चालणं, कुशीवर वळणं, अलगद उचलणं, डुलणं असे शब्द अंगातून जातात, म्हणून तास पूर्ण मराठीत घ्या आणि मधेच "स्लोली स्लोली" नको. एखादं मूल गुजरातीत उत्तर देईल, देऊ द्या, तुम्ही तेच मराठीत परत म्हणा आणि गोष्ट पुढे न्या. शेवटच्या दहा मिनिटात प्राण्यांचं एखादं चित्रांचं पुस्तक वाचा. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं मिळतात, सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेली लायब्ररी आहे ती, मुलांना एखाद्या रविवारी आत नेऊन आणा, तिथली कपाटं बघूनच खूश होतात.

दर आठवड्याला नवा विषय आणायची मुळीच गरज नाही. तीच मगर तीन-चार वेळा घ्या, फक्त दर वेळी एक गोष्ट बदला आणि ती मुलांना ठरवू द्या, म्हणजे आज पाऊस पडतोय का, आज पुलावरून कोण चाललंय. मुलांनाच पुढचं काय ते पाठ झालं की ती तुमच्या आधी बोलायला लागतात, तेव्हा तुम्ही गप्प बसा आणि एखाद्या मोठ्या मुलाला आई मगर करा. त्यानंतर जानेवारीत उत्तरायणची पतंग-फिरकी, पावसाळ्यात बेडूक, सयाजीबागेतली छोटी ट्रेन, गणपतीत उंदीरमामा, हे सगळे विषय याच पद्धतीने बांधता येतात, फक्त आधी खरी माहिती, मग गोष्ट, मग आसनं हा क्रम सोडू नका.

आदल्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर एवढंच टाका: सैल कपडे, मोजे नकोत, पाण्याची बाटली, आणि एक जुना हातरुमाल, गाठ आम्ही मारू.