चार आवाजांची अरेंजमेंट निवडताना: आधी टेनर मोजा

गाणं आवडलं, अरेंजमेंट (चार आवाजांसाठी लिहिलेली प्रत) मागवली, वीस झेरॉक्स काढल्या आणि दुसऱ्या तालमीला लक्षात आलं की टेनरची, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाची, ओळ म्हणायला माणूसच नाही. चर्चचा कॉयर असो की माजी विद्यार्थ्यांचा हौशी वृंद, गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. म्हणून निवडीची सुरुवात हजेरीपटापासून करा.

एका तालमीतला अर्धा तास काढा. प्रत्येकाला एकेकटं ‘सा रे ग म प म ग रे सा’ म्हणायला लावा. काळी-पांढरी धरून एकेक पट्टी वर चढवत न्या, मग तसंच खाली आणा. आवाज न ताणता वरचा आणि न दबता खालचा, असे दोनच सूर वहीत टिपा. एकदाच कसाबसा लागलेला सूर धरू नका. कार्यक्रमाच्या दिवशी तो दगा देतो. मोजताना पेटीवरही विसंबू नका. खर्ज आणि नर सूर एकदम वाजत असले की एकच पट्टी दोन सप्तकांत ऐकू येते आणि नोंदी एका सप्तकानं चुकतात. मोबाइलवरचा ट्यूनर सप्तकाचा आकडाही दाखवतो. पियानोच्या मधली पांढरी एक म्हणजे सी४, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं.

हौशी कॉयरला साधारण इतकं झेपतं: सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) सी४ ते जी५, आल्टो (बायकांचा खालचा) ए३ ते सी५, टेनर सी३ ते एफ४, बास (पुरुषांचा खालचा) जी२ ते सी४. छापील अरेंजमेंटमध्ये टेनर जी४ पर्यंत आणि बास ई२ पर्यंत सहज जातो, तेव्हा आपली वही शेजारी ठेवूनच कागद वाचा. टेनरची ओळ सोप्रानोसारख्याच चावीत (ओळीच्या सुरुवातीची नागमोडी खूण) लिहिलेली असते. चावीखाली बारीक ८ असतो, त्याचा अर्थ एक सप्तक खाली. ओळ टेनरची असेल तर तो ८ छापायचा राहिला तरी खालीच गायची.

टोकाच्या सुरांपेक्षा जास्त फसवतो तो ओळीचा मुक्काम. एकदा जी५ ला स्पर्श करून उतरणारी सोप्रानो परवडते. पानभर डी५ आणि ई५ वर टांगलेली परवडत नाही. पेन्सिल घेऊन टेनरच्या ओळीत डी४ च्या वरच्या सुरांवर खुणा करा. एखाद्या पानावर निम्म्याहून जास्त खुणा झाल्या तर टेनर थकतील, सूर उतरेल आणि बाकीचे तिघेही त्यांच्यामागे उतरतील.

आता टेनर मोजा. तिघांपेक्षा कमी असतील तर एसएटीबीचा, म्हणजे चारही आवाजांचा, हट्ट सोडून एसएबी घ्या, म्हणजे सोप्रानो, आल्टो आणि पुरुषांची मिळून एक ओळ. ती ओळ सी३ ते सी४ मध्ये राहिली तर टेनर आणि बास दोघांनाही जमते. जास्त वर गेली की बास गप्प होतात, जास्त खाली गेली की टेनर नुसते ओठ हलवतात. उरलेल्या आल्टोंना टेनरकडे बसवण्याची युक्ती सर्रास होते. आधाराला एखादी चालते, पण एफ३ च्या खाली बहुतेक बायकांचा आवाज विझतो आणि नेमकी तिथेच ओळ उघडी पडते. सुराच्या एका उभ्या दांडीवर दोन सूर दिसले की तो आवाज दोन गटांत फुटलेला आहे. तीन बासांत तो फोडू नका, खालचा सूर सोडून द्या.

सोप्रानोसाठी गाणं एक सूर खाली घेण्याआधी बासची ओळ पाहा. तिथला जी२ आता एफ२ होतो.

आल्टोची ओळ वेगळी गाऊन पाहा. तिचा पहिला सूर आधीच्या कॉर्डमध्ये (एकदम लागणाऱ्या सुरांत) कुणाकडे तरी ऐकू येतो का? येत नसेल तर प्रत्येक कडव्याला तिथेच घोळ होणार. साथीचाही विचार करा. वाद्याशिवाय गायच्या रचनेखाली बारीक टाइपात पियानो छापलेला असतो, तो फक्त तालमीसाठी. आणि तुमचा कीबोर्डवाला कानावर वाजवणारा असेल तर ओळीवर कॉर्डची नावं छापलेली प्रत घ्या, नाहीतर त्याच्या हातात नुसती सजावट उरते.

मराठी चालींची अरेंजमेंट असेल तर इथे खरा वेळ द्या. भूप रागात म आणि नी नाहीत. त्यामुळे रागातले सूर घेऊन फक्त दोनच तीन-सुरी कॉर्ड होतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. पाश्चात्त्य सवयीचा माणूस शेवट बांधताना प-नी-रे घालतो आणि तो नी बहुधा आल्टोच्या गळ्यात मारतो. नी आला म्हणून गाणं मोडत नाही, पण भूपावर पोसलेला कान तिथे दचकतो. याच्यापेक्षा बासला सा-प चा षड्ज-पंचम धरायला लावून वरच्या आवाजांना एकामागून एक तीच ओळ देणारी मांडणी कितीतरी चांगली. मुरक्या आणि हरकती बारीक सुरांत लिहून चौदा बायकांना दिल्या असतील तर तो कागद परत करा. त्या एकट्या गाणाऱ्याच्या. बाकीच्यांनी ‘अं’कारावर कॉर्ड धरावी.

ताल तपासताना टाळी देत वाचा. रूपकाच्या सात मात्रा ३-२-२ अशाच पडायला हव्यात. चार-चारात बसवण्यासाठी शेवटचा सूर एका मात्रेनं ताणलेला आढळतो, तसं असेल तर गाणं लंगडतं. दादरा ६/८ मध्ये नीट बसतो. मुखडा समेआधी उठत असेल तर तो पहिल्या रेघेच्या आधी लिहिलेला हवा. सम घराच्या (दोन उभ्या रेघांमधल्या भागाच्या) मध्ये पडली की तबलजी आणि कॉयर वेगवेगळ्या गावाला जातात.

शब्दांसाठी देवनागरीतलीच प्रत मागा, नसेल तर म्यूझस्कोअर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः टाइप करा. ते मोफत आहे. रोमनमध्ये काल, काळ आणि कळ एकसारखेच दिसतात. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांतला च वेगळा. सोलापूरच्या कॉयरमध्ये घरी कन्नड, तेलुगू किंवा उर्दू बोलणारे असतातच, तेव्हा अशा जागी पेन्सिलीची खूण करून द्या. लांब सूर ‘नंद’सारख्या शब्दावर असेल तर स्वरावर थांबायचं आणि अनुस्वार शेवटी सगळ्यांनी एकदम मिटायचा. अरेंजमेंटमध्ये त्याला वेळच ठेवला नसेल तर शब्द पुसट होतात.

जागा आणि ऋतूही पाहा. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद सभागृहात वाद्याशिवायची हळुवार रचना पोचू शकते. शाळेच्या मैदानात किंवा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत भोंग्यांच्या आवाजात ती हरवते. १२ जानेवारीच्या, सोलापूरच्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाला सगळ्यांनी मिळून एकच ओळ गायलेली कडवी आणि शेवटी चार आवाजांची झेप पुरते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपुढे गेल्यावर तालमी पहाटे घ्याल, तर लक्षात ठेवा की सकाळी आवाज खालीच असतो. वहीतला वरचा सूर दोन पट्ट्यांनी कमी धरा.

हक्कांचं (कॉपीराइटचं) थोडक्यात. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. १९६० मध्ये वारलेल्याची रचना २०२० संपताना मोकळी झाली. पण अरेंजमेंट करणाऱ्याचा हक्क स्वतंत्र असतो, चाल जुनी असली तरी. सीपीडीएल आणि आयएमएसएलपी या संकेतस्थळांवर भरपूर कागद मोफत मिळतात. प्रत्येकाखालची अट वाचा. १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ हौशी मंडळाला तिकीट न लावता सादर करायला सूट देतं. ती सूट झेरॉक्सची नाही. विकत घेताना वीस गायक, संचालक, साथीदार आणि दोन जास्तीच्या अशा २४ प्रतींचा परवाना धरा.

पैसे भरण्याआधी नमुन्याचं सर्वांत अवघड पान निवडा आणि प्रत्येक आवाजाचे दोघे बसवून त्यातली आठ घरं वीस मिनिटं घासा. चारही ओळी एकत्र उभ्या राहिल्या तर घ्या. नाही राहिल्या तर हीच मंडळी तेवढीच गडबड महिनाभर करत बसतील.

प्रती पाठपोट काढून शिवून घ्या, सुटी पानं पंख्याखाली उडतात. आणि पहिल्या तालमीला वाटण्याआधी बासच्या ओळीवर पिवळा हायलायटर मारा. पान उलटलं की ते हमखास टेनरच्या ओळीत शिरतात.