खाडीच्या चिखलात न रुतणारा मेक
कथेतला लढाऊ मेक, म्हणजे माणूस आत बसून चालवतो तो पायांचा महाकाय यंत्रमानव, ऐरोलीच्या खाडीत उतरवायचाय? आधी पावलाचं गणित करा. वजन ३० टन, पाऊल १.५ चौरस मीटर. दोन पायांवर चालताना सगळा भार एकावर येतो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला २ किलो. रणगाड्याचा दाब साधारण १ किलोच्या आसपास, आणि खारफुटीतला चिखल तेवढाही पेलत नाही. पाय उपसताना चिखल धरून ठेवतो. तोल तिथेच जातो. सहा पाय द्या, तीन कायम टेकलेले, प्रत्येक पाऊल २.५ चौरस मीटर: दाब ०.४ वर येतो. उंची मात्र आवरा! ती दुप्पट केली की वजन आठपट, पाऊल चौपटच. पायांचं खरं चीज पारसिकच्या खडकाळ चढावर; डांबरी रस्त्यावर चाकंच सरस.