घरच्या मत्स्यालयातील जॉफिश : आधी बिळाची सोय

पिवळ्या डोक्याचा जॉफिश हा फ्लोरिडापासून कॅरिबियन समुद्रापर्यंत आढळणारा, जेमतेम 10 सेंटिमीटर लांबीचा मासा प्रवाळखडकांलगतच्या वाळूत उभे बीळ खणून राहतो. दिवसा तो बिळाच्या तोंडाशी तरंगत प्रवाहाबरोबर येणारे सूक्ष्म जीव टिपतो आणि धोक्याची चाहूल लागताच शेपटीकडून आत शिरतो. मनाजोगे बीळ मिळाले नाही, तर तो सतत भेदरलेला राहतो व खाणे टाकतो; म्हणून त्याच्या आरोग्याचा विचार औषधांपासून नव्हे, तर टाकीच्या तळापासून सुरू करावा.

तळाशी किमान 12 ते 15 सेंटिमीटर जाडीचा थर असावा. नुसत्या बारीक वाळूत बिळाच्या भिंती ढासळतात, कारण हा मासा तोंडाने एकेक तुकडा उचलून आणतो आणि त्यांचा आधार देत भिंत रचतो. त्यामुळे बारीक वाळू, भरड वाळू, प्रवाळाचे तुकडे आणि शिंपल्यांचे लहानमोठे कपचे असे मिश्रण त्याला द्यावे. मोठे खडक वाळूवर कधीही ठेवू नयेत; ते आधी थेट काचेच्या तळावर पक्के बसवावेत आणि वाळू त्यांच्याभोवती नंतर भरावी, अन्यथा खणता खणता खालची वाळू निघून खडक माशावरच कोसळण्याचा धोका राहतो.

दुसरी अट झाकणाची आहे आणि तिच्यात तडजोड नको. घाबरलेला जॉफिश सरळ वर उसळी मारतो, आणि नव्याने आणलेले मासे रोगाआधी या उडीनेच दगावण्याची भीती असते. नळ्या आणि तारांसाठी ठेवलेल्या फटींसह सारी टाकी बारीक जाळीने झाकावी. दिवा एकदम बंद होणे हेही उडीचे मोठे कारण असल्याने प्रकाश हळूहळू मंद होईल अशी व्यवस्था करावी. जिथे वीज वारंवार जाते, त्या घरांत इन्व्हर्टरवर एक मंद दिवा आणि हवेचा पंप अवश्य ठेवावा.

पाण्याचे तापमान 24 ते 26 अंश सेल्सिअस आणि विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) 1.025 च्या आसपास असावे. पाण्यातील विषारी अमोनिया व नायट्राइट शून्यावर स्थिरावल्याशिवाय मासा आणू नये. महाराष्ट्रातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात चिलर (पाणी गार करणारे यंत्र) उपयोगी ठरतो. पंख्याने पाणी गार करता येते, पण त्यामुळे बाष्पीभवन वाढून क्षारता चढते, म्हणून तूट मिठाच्या पाण्याने नव्हे, तर आरओच्या गोड पाण्याने भरावी. कोकणच्या दमट पावसाळी हवेत पंख्याचा गारवा फारसा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खरेदी करताना मासा दुकानात आपल्यासमोर खातो का ते पाहावे आणि कल्ल्यांची धाप लागलेला किंवा जबड्याला जखम असलेला मासा घेऊ नये. विलगीकरणाच्या (नवा मासा आधी वेगळा ठेवण्याच्या) टाकीत त्याला लपण्यासाठी पीव्हीसी नळीचा तुकडा द्यावा. तांबेयुक्त औषध वापरायचे असेल, तर त्या टाकीत प्रवाळाची वाळू ठेवू नये, कारण ती तांबे शोषून घेते आणि मात्रेचा अंदाज चुकतो.

तो बिळापासून दूर जात नाही, त्यामुळे मायसिस किंवा आर्टेमिया या कोळंबीसारख्या छोट्या जीवांचा खाऊ प्रवाहाच्या वरच्या बाजूने, दिवसातून दोन-तीनदा थोडा थोडा सोडावा, म्हणजे तो वाहत त्याच्या तोंडाशी पोहोचतो. ट्रिगरफिश व डॉटीबॅक हे आक्रमक मासे आणि मोठे खेकडे त्याच्या सोबत नकोत. वाळू उपसणारे मोठे गोबी मासेही बीळ मोडतात. नराचा जबडा फुगलेला दिसला आणि आत दाणेदार गोळा असला, तर तो अंडी उबवत आहे असे समजावे. त्या काळात त्याचे खाणे कमी होते. तेव्हा त्यावर औषधोपचार करू नयेत आणि बिळाजवळच्या वाळूत सफाईची नळी घालू नये.