शाळेची कॉम्प्युटर लॅब गळ्यात पडली असेल तर

नवीन शाळेत रुजू झालात, वय कमी आहे आणि मोबाईल बरा चालवता, मग लॅब तुमच्याकडेच येणार हे धरून चाला. झेडपीच्या शाळेत माझ्याकडेही अशीच आली.

निधी आला की दुकानदार आय फाइव, आय सेव्हन या महागड्या प्रोसेसरचं सुरू करतो. अहो, पोरांना स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅमिंग), जीकॉम्प्री (शैक्षणिक खेळ) आणि मराठी टायपिंग करायचंय, त्याला ८ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) असली की बास. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसीवाला (म्हणजे छोट्या, मंद स्टोरेजचा) नवाकोरा स्वस्त लॅपटॉप मात्र घेऊच नका, त्यात स्टोरेज बोर्डलाच सोल्डर केलेलं असतं, बहुतेकदा रॅमसुद्धा, म्हणजे नंतर वाढवायची सोय नाही आणि वर्षभरात अपडेटलाही जागा उरत नाही. त्यापेक्षा रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) लेनोवो थिंकपॅड किंवा डेल लॅटिट्यूड बघा, पण प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या जनरेशनच्या खालचा नको, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्याखाली रीतसर चालत नाही. कोणी जुने दान दिलेच तर नाही म्हणू नका, लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाका, मस्त चालतात.

आणि सगळे एकाच मॉडेलचे घ्या!! एकाचा चार्जर दुसऱ्याला लागतो, एक कायमचा बंद पडला तर त्याची बॅटरी, कीबोर्ड बाकीच्यांना. फक्त पार्ट काढायच्या आधी हेडसरांची सही आणि डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरला नोंद, नाहीतर निर्लेखनाच्या (वस्तू रजिस्टरमधून कमी करण्याच्या) वेळी उत्तरं देत बसाल. खालचा सिरीयल नंबरचा स्टिकर घासून जातो, तो आधीच रजिस्टरला उतरवून घ्या.

पोरांना स्टँडर्ड युजर (मर्यादित परवानगीचं खातं), ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे आणि एक प्रत ऑफिसच्या कपाटात, कारण बदली झालेल्या सरांचा बायोसचा (मशीनच्या मूळ सेटिंगचा) पासवर्ड शोधत फिरणं म्हणजे डोक्याला ताप.

चार्जिंगचंही बघा, ६५ वॉटचे २० चार्जर म्हणजे १३०० वॉट, एका एक्स्टेन्शन बोर्डावर सगळे लावू नका.

जुने डेस्कटॉप असतील तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एक गंमत होते, नेट चालू असतं पण एकही साईट उघडत नाही, सगळीकडे 'सुरक्षित नाही' येतं आणि सगळे राउटरला शिव्या घालतात. कोपऱ्यातली तारीख बघा, कुठल्यातरी जुन्या सालात गेलेली असते. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ बटण सेल उतरलेला असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो, बदला आणि तारीख लावा.