सायबर सुरक्षेत करिअर करायचंय? शिक्षणाचा रस्ता असा निवडा

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "मुलीला एथिकल हॅकिंगला जायचंय, कोणता क्लास चांगला?" क्लास या रस्त्यावर चौथा येतो. पहिले तीन टप्पे गाळून थेट क्लासला गेलेली मुलं मी दरवर्षी पाहतो. हातात सर्टिफिकेट असतं, पण मुलाखतीत डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) कसं चालतं हे सांगता येत नाही. म्हणून क्रमानेच जाऊ.

१. पदवी

सीईटी देऊन कॉम्प्युटर किंवा आयटी इंजिनिअरिंग मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए करा. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणं हाही पक्का रस्ता आहे. 'सायबर सिक्युरिटी' नावाची वेगळी शाखा खुणावत असेल, तर आधी चारही वर्षांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डेटाबेस आणि प्रोग्रामिंग हे विषय प्रत्येकी पूर्ण सेमिस्टर शिकवत नसतील, तर साधी कॉम्प्युटर शाखा घ्या. शाखेच्या नावाला कंपनीत काही किंमत नाही.

२. पाया

लिनक्स (ऑपरेटिंग सिस्टीम), नेटवर्क, थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा). पदवी चालू असतानाच आणि फुकटात होण्यासारखं आहे. ओव्हरदवायर या संकेतस्थळाचा 'बँडिट' हा लिनक्स शिकवणारा खेळ पूर्ण करा, वायरशार्क हे नेटवर्क पाहण्याचं टूल उघडून आपल्याच घरचे पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) वाचा. कॉलेजमध्ये नेटवर्क नीट शिकवलं नसेल तर एनपीटीईएलवर (आयआयटींची ऑनलाइन व्याख्यानं) बसा.

हे टाळू नका, कारण खरे हल्ले इथेच कळतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. हल्लेखोरांनी खोटा प्रॉक्सी स्विच, म्हणजे एटीएमच्या विनंत्यांना बँकेच्या जागी उत्तर देणारी यंत्रणा, उभा केला. बनावट कार्डांच्या विनंत्या बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचल्याच नाहीत, तो खोटा स्विचच त्या मंजूर करत राहिला आणि वेगवेगळ्या देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. हे समजायला हॅकिंगचं टूल लागत नाही. विनंती कुठून निघते, कुठे जाते आणि मधे उत्तर कोण देतं, एवढं डोळ्यांपुढे यावं लागतं.

३. दिशा

तीन मुख्य दिशा आहेत. पहिली बचावाची : एसओसीमध्ये (सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या कक्षात) बसून लॉग (यंत्रणांच्या नोंदी) पाहायचे, इशारा खरा की खोटा ठरवायचं. शिफ्ट असतात, रात्रपाळी असते, आणि नवख्यांना दार बहुधा इथेच उघडतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, म्हणजे लॉग वाचणारी माणसं लागणारच. दुसरी चाचणीची : परवानगी घेऊन वेबसाइट, ॲप, नेटवर्क तपासायचं आणि अहवाल लिहायचा. तिसरी ऑडिट आणि नियमांची; तिथे वाणिज्य शाखेची माणसंही उत्तम काम करतात. दिशा ठरल्याशिवाय पुढच्या टप्प्यात एक रुपयाही घालू नका.

४. क्लास आणि सर्टिफिकेट

बहुतेकांचे पैसे आणि वर्षं जातात ती इथे. मी स्वतः याच टप्प्यावर बराच काळ अडकलो होतो. टूल चालवता यायचं, पण त्याने दाखवलेल्या त्रुटींच्या यादीतलं खरं काय आणि खोटं काय, हे सांगता येत नव्हतं. त्यातून बाहेर काढलं ते एकेक पॅकेट हाताने वाचण्याच्या कंटाळवाण्या सवयीने. त्यामुळे क्लास पाहताना मी आधी एकच गोष्ट पाहतो : पहिल्या दोन आठवड्यांत काय शिकवतात? टीसीपी, एचटीटीपी (नेटवर्कवरच्या संवादाचे नियम), लिनक्सच्या परवानग्या असतील तर पुढे बोलू. पहिल्याच दिवशी वायफाय फोडणं आणि इन्स्टाग्राम हॅक करणं दाखवत असतील तर तिथून उठा.

मग तीन गोष्टी मागा. शिकवणाऱ्याने गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष कुठे काम केलंय ते विचारा. जुन्या विद्यार्थ्याने लिहिलेला एखादा चाचणी अहवाल पाहायला मागा. आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'चं वचन, फी परतीच्या अटींसह, लेखी मागा. तिसरी मागणी आली की क्लासवाल्यांचा सूर बदलतो. तो नीट ऐका. "आजच भरलं तर निम्मी सवलत" म्हणणाऱ्याला त्या दिवशी पैसे देऊच नका. फीसाठी कर्ज काढून देतो म्हणणाऱ्याला तर कधीच नाही. त्या कर्जाचे हप्ते नोकरी लागो न लागो, आईवडिलांच्या खात्यातून जातात.

आता सर्टिफिकेटं. सीईएचचं (सर्टिफाइड एथिकल हॅकर) नाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, भरतीच्या जाहिरातीतही ते दिसतं. पण त्याची मूळ परीक्षा १२५ बहुपर्यायी प्रश्नांची आहे. पाठांतराने ती निघते, काम निघत नाही. बचावाकडे जाणाऱ्या फ्रेशरने सिक्युरिटी प्लस हे पायाचं सर्टिफिकेट करावं, माझं मत ठाम आहे. चाचणीकडे जायचं तर शेवटचं लक्ष्य ओएससीपी ठेवा. तिथे जवळपास पूर्ण दिवस प्रत्यक्ष यंत्रणा भेदायच्या असतात आणि नंतर २४ तासांत अहवाल द्यायचा असतो. पोर्टस्विगर कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी ही ऑनलाइन शिकवणी फुकट आहे. तिथल्या लॅब सोडवल्याशिवाय ओएससीपीची फी भरू नका.

सीआयएसएसपी (सुरक्षा व्यवस्थापनाचं) आणि सीआयएसए (ऑडिटचं) ही सर्टिफिकेटं फ्रेशरला विकणाऱ्यांपासून सावध राहा. दोन्हींना पाच वर्षांच्या अनुभवाची अट आहे. त्यात काही सूट मिळते आणि परीक्षा आधी देता येते, पण पूर्ण सर्टिफिकेट अनुभव दाखवल्यावरच.

वर्ष हाताशी असेल तर सीडॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डिटिस हा आयटी यंत्रणा आणि सुरक्षेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम जरूर पाहा. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो, सुमारे सहा महिने पूर्णवेळ शिकवतात, आणि सिस्टीम-नेटवर्कचा पाया त्यात आहे. तो मुख्यतः इंजिनिअर आणि एमसीए-एमएस्सीवाल्यांसाठी असतो, त्यामुळे बीएस्सीच्या मुलांनी अर्जाआधी पात्रता वाचावी. एमटेक मात्र संशोधनाची ओढ असेल तरच करा. नोकरी मिळेना म्हणून करू नका.

५. दाखवण्यासारखं काम

घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकातच दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, त्यात ज्यूस शॉपसारखं मुद्दाम कच्चं ठेवलेलं ॲप चालवा, सापडलेल्या प्रत्येक त्रुटीवर एक पान लिहा : काय सापडलं, धोका काय, दुरुस्ती काय. अशी दहा पानं चार सर्टिफिकेटांना भारी पडतात.

दुसऱ्याच्या वेबसाइटवर हात मारू नका. "फक्त तपासत होतो" हे कायद्यात चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॉलेजचं पोर्टलही दुसऱ्याचंच. लेखी परवानगी नसेल तर हात लावायचा नाही.

६. पहिली नोकरी

सुरक्षेच्या नावाची मिळाली नाही तर नेटवर्क सपोर्ट, सर्व्हर ॲडमिन किंवा सॉफ्टवेअर टेस्टिंगची घ्या. तिथून दीड-दोन वर्षांत सुरक्षेकडे वळता येतं. मुलाखत घेताना मीही अशा उमेदवाराला आधी बोलावतो, कारण फायरवॉलचा (नेटवर्कच्या दारावरच्या पहाऱ्याचा) एक नियम चुकला की किती लोकांचं काम थांबतं, हे त्याने पाहिलेलं असतं.